भेंडीला चार पैसे जास्त, डाळिंबाला नकोत : सेंद्रिय खरेदीचा हिशेब

द्राक्षांचा हंगाम भरात आला की सांगलीत दोन गोष्टी हमखास दिसतात. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे क्रेट मांडले जातात आणि त्याच सुमारास मोबाईलवर एक यादी फिरू लागते : ही बारा फळे-भाज्या सर्वांत विषारी, त्या सेंद्रियच घ्या, ही पंधरा निर्धोक, ती कुठलीही चालतील. यंदा ती आमच्या सोसायटीच्या गटावर तीनदा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठले. "यातलं केल म्हणजे काय गं? आणि भेंडीचं काहीच कसं लिहिलं नाही?" केलचे उत्तर सोपे होते, कोबीच्या कुळातली ती एक विदेशी पालेभाजी आहे आणि आपल्या मंडईत ती सहसा दिसत नाही. भेंडीचे उत्तर मात्र जिन्यात उभ्याउभ्या देण्यासारखे नव्हते.

माझे माहेर तासगाव तालुक्यातले आणि घरी द्राक्षबाग आहे. कीटकनाशकाला आमच्याकडे कोणी विष म्हणत नाही. ते 'औषध' असते आणि ते 'मारायचे' असते. फवारणीच्या टाकीशेजारी खेळतच आम्ही भावंडे वाढलो. त्यामुळे या विषयात मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. शेतकऱ्याची अडचण मला ठाऊक आहे आणि आता पिशवी घेऊन बाजारात उभी राहते तेव्हा गिऱ्हाइकाचीही कळते.

यादी अमेरिकेची, भाजी कृष्णाकाठची

ही यादी एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप नावाची एक अमेरिकी संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते. तिचा आधार काल्पनिक नाही. अमेरिकेचे कृषी खाते बाजारातील नमुने घेऊन त्यांच्यातील कीटकनाशकांचे अंश मोजते आणि त्या आकड्यांवरून संस्था क्रम लावते. नमुने तपासण्यापूर्वी ते आपण घरी धुतो तसे धुतले जातात आणि केळ्यासारखे फळ सोलून घेतले जाते, ही या तपासणीची जमेची बाजू. मात्र तेथे काय पिकते, कोणती कीड पडते आणि शेतकरी कोणते औषध वापरतो यावर ती यादी उभी आहे. भेंडी, वांगी, मेथी, दोडका, कारले हे आपले रोजचे जेवण तिच्यात जवळजवळ नाहीच. उलट कोबी तेथे निर्धोक गटात आढळतो, तर आपल्याकडे कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी पडते आणि तिच्यासाठी पुन्हा पुन्हा फवारे घ्यावे लागतात.

आणखी एक उणीव आहे. अंश सापडला किंवा किती वेगवेगळ्या औषधांचे अंश सापडले, यावर त्या यादीचा मोठा भर असतो. सापडलेला अंश माणसाला अपायकारक मात्रेच्या किती जवळ होता, याला त्या मानाने कमी महत्त्व मिळते, अशी टीका विषशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्यावर वेळोवेळी केली आहे. म्हणून ही यादी मराठीत भाषांतर करून स्वयंपाकघरात चिकटवण्यापेक्षा, ती ज्या प्रश्नांतून तयार होते ते प्रश्न आपल्या बाजाराला विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

'सेंद्रिय', 'नैसर्गिक' आणि 'रेसिड्यू फ्री'

दुकानातील पाट्यांवर हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते एक नाहीत.

सेंद्रिय म्हणजे रासायनिक खते आणि कृत्रिम कीटकनाशके न वापरता, ठरलेल्या नियमावलीनुसार पिकवलेले. आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची नियमावली आहे. त्यानुसार हंगामी पिकाच्या जमिनीला साधारण दोन वर्षे आणि द्राक्ष-डाळिंबासारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षे रूपांतराच्या काळात काढावी लागतात. या काळात उत्पादन घटते आणि मालाला सेंद्रिय म्हणून भावही मिळत नाही. पुढे आपण मोजतो त्या जादा किमतीत या वर्षांचा वाटा असतो. नैसर्गिक शेतीत बाहेरून विकतचे काहीच आणू नये, शेण-गोमूत्राच्या जीवामृतासारख्या घरच्या निविष्ठांवर भागवावे, असा आग्रह असतो.

'रेसिड्यू फ्री'चा अर्थ मात्र निराळा. तेथे रासायनिक औषध वापरलेले असू शकते. फक्त माल विकताना त्याचा अंश ठरावीक मर्यादेच्या आत, किंवा यंत्राला मोजता येणार नाही इतका खाली, आलेला असतो. ही फसवणूक नव्हे. पुढे द्राक्षांच्या बाबतीत हाच माल व्यवहार्य का ठरतो ते येईलच.

सेंद्रिय म्हणजे बिनफवाऱ्याचे, ही समजूतही सोडून द्यावी. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण, गंधक, निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशी हे सगळे सेंद्रिय बागेतही मारले जाते, त्यातील काही मर्यादा पाळून.

आयर्विन पुलावरची खूण

वर्तमानपत्रात 'भाजीत मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशक' असे छापून आले की घरात घबराट होते. ही मर्यादा म्हणजे काय, हे एकदा समजून घ्यावे. इंग्रजीत तिला 'मॅक्झिमम रेसिड्यू लिमिट' म्हणतात; आपण तिला अवशेष मर्यादा म्हणू.

प्राण्यांवरील चाचण्यांत ज्या मात्रेपर्यंत काहीही दुष्परिणाम दिसत नाही, ती मात्रा आधी शोधली जाते. माणूस प्राण्यापेक्षा नाजूक असू शकतो म्हणून ती दहाने भागतात आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून पुन्हा दहाने. म्हणजे साधारणपणे शंभराव्या हिश्श्यावर रोजच्या सेवनाची सुरक्षित मात्रा ठरते. अवशेष मर्यादा ठरते ती वेगळ्या वाटेने : शेतकऱ्याने लेबलवर लिहिल्याप्रमाणे औषध मारले आणि सांगितलेले दिवस थांबून माल तोडला तर त्यात किती अंश उरेल, ते पाहून. तो आकडा वरच्या सुरक्षित मात्रेत बसतो की नाही, हे मग ताडून पाहिले जाते. ज्या औषध-पिकाच्या जोडीसाठी मर्यादा ठरवलेली नाही, तेथे आपल्याकडे सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा अत्यंत कडक आकडा लावला जातो.

सांगलीकराला हे आयर्विन पुलावरून चटकन समजेल. कृष्णेचे पाणी तेथे ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. ४० फुटांना कोणी बुडत नाही, पण नदीकाठची माणसे सामान बांधायला घेतात. अवशेष मर्यादा ही त्या ४० फुटांच्या खुणेहूनही पुष्कळ अलीकडची खूण आहे. ती ओलांडली गेली तर खाणारा आजारी पडणार असे नव्हे. कोणीतरी शेतात नियम मोडला, एवढे ती नक्की सांगते. २०१९ सारखे पाणी ५७ फुटांवर जाणे ही फार पुढची गोष्ट झाली.

आकड्यांतही हेच दिसते. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या २०१४-१५ मधील देशव्यापी तपासणीत २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले, तर मर्यादा ओलांडणारे नमुने ५४३, म्हणजे २.६ टक्के होते. माझ्या मते या आकड्यांवरून घाबरून फळे-भाज्या कमी करणारा माणूस स्वतःचे अधिक नुकसान करून घेतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. मर्यादा एकेका औषधासाठी स्वतंत्रपणे ठरते आणि आपल्या ताटात ती चार-पाच एकत्र येऊ शकतात. लहान मुलाचे वजन कमी असल्याने तेवढ्याच भाजीतून त्याच्या शरीराला वजनाच्या प्रमाणात जास्त अंश मिळतो. त्यामुळे थोड्या पैशांत हा भार कमी करता येत असेल तर तो करावा, एवढे म्हणणे मला रास्त वाटते. तो नेमका कोठे कमी होतो, हे पाहू.

गोष्ट आहे तोड्याची

प्रत्येक औषधाच्या डब्यावर किंवा आतल्या माहितीपत्रकावर एक आकडा असतो : शेवटच्या फवाऱ्यानंतर किती दिवस माल तोडू नये. कृषी विद्यापीठे त्याला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी म्हणतात. गावात 'किती दिवस थांबायचं' एवढेच विचारतात. ऊन, वारा आणि झाडाची स्वतःची रसायनक्रिया यांमुळे औषध रोज थोडे थोडे विघटित होत जाते, आणि या दिवसांत ते मर्यादेखाली येते. सेंद्रिय खरेदीचा बहुतेक हिशेब या एका आकड्यात आहे, आणि फिरणाऱ्या याद्यांत नेमका त्याचाच पत्ता नसतो.

आता भेंडी घ्या. तिचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो. दोन दिवस जास्त गेले की शेंग जून होते, मोडताना 'टक्' असा आवाज येत नाही, आणि बाजारात तिला कोणी हात लावत नाही. भेंडीवर तुडतुडे, पांढरी माशी, शेंग पोखरणारी अळी असे सगळे एकाच वेळी येते. समजा शेतकऱ्याने सोमवारी औषध मारले आणि त्याच्या लेबलवर पाच दिवस थांबायला सांगितले आहे. नियम पाळायचा तर बुधवारचा आणि शुक्रवारचा असे दोन तोडे त्याला टाकून द्यावे लागतील. ज्याचा घरखर्च त्या तोड्यांवर चालतो, तो किती वेळा ते टाकेल? याला मी लबाडी म्हणणार नाही; पीकच असे आहे की नियम पाळणाऱ्याला तोटा होतो. वांगी, हिरवी मिरची, टोमॅटो, दोडका, कारले, काकडी, गवार ही सगळी याच जातीची, म्हणजे फवारा आणि तोडा एकमेकांच्या पायांत येणारी पिके. वांग्यात शेंडा व फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की तिच्यापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून ती शिरण्यापूर्वीच, पुष्कळदा अंदाजाने, फवारे घेतले जातात. कृष्णाकाठच्या वांग्याचे कौतुक आपण करतो खरे. पण ते बिनछिद्राचे, चकचकीत आणि टोपासकट ताजे हवे असा हट्टही आपलाच असतो. छिद्र पडलेल्या वांग्याला बाजारात निम्मा भाव, हे अळीपेक्षा शेतकऱ्याला जास्त भिववते.

याउलट कांदा. फुलकिड्यांसाठी त्याच्या पातीवर औषध मारले जाते, पण कांदा एकदाच काढला जातो, तोही पात माना टाकू लागल्यावर, आणि मग तो सुकवून पात कापतात. आपण खातो तो गड्डा जमिनीत, कोरड्या पापुद्र्यांच्या आत. रताळी, लाल भोपळा, सुरण, पापुद्र्यांत गुंडाळलेले मक्याचे कणीस यांचीही गोष्ट थोडीफार अशीच. यांच्यावर 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावून दुप्पट भाव सांगणाऱ्या दुकानात मी पुढच्या टोपलीकडे वळते.

पालेभाजी या दोहोंच्या मध्ये बसत नाही, तिचे गणित आणखी वेगळे आहे. मेथी किंवा पालक बहुधा एकदाच काढतात, पण ते पीकच महिना-सव्वा महिन्याचे. त्यात केव्हाही फवारा घेतला तरी तो काढणीजवळच पडतो. शिवाय किलोभर बटाट्यांना जितकी साल असते, तिच्या कितीतरी पट पृष्ठभाग किलोभर मेथीला असतो आणि त्या सगळ्यावर औषध बसू शकते. कोथिंबीर तर आपण कच्चीच भुरभुरवतो.

साल खाता की टाकता?

आटपाडीचे डाळिंब आणि तासगावचे द्राक्ष ही दोन्ही फवाऱ्यांवर वाढलेली पिके. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागाच्या बागा बसवल्या आहेत, त्यामुळे डाळिंबकरी बुरशीनाशक आणि जिवाणूनाशक यांत हात आखडता घेत नाही. पण खाणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही फळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डाळिंबाची जाड साल आपण टाकतो आणि दाणे खातो; द्राक्षाची साल मण्यासकट पोटात जाते. केळे, पपई, कलिंगड, अननस, नारळ, फणस, सीताफळ ही डाळिंबाच्या बाजूची. आंबाही त्याच बाजूचा. आंब्याच्या बाबतीत कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्याचा प्रश्न आहे, पण तो आढीचा प्रश्न झाला, फवाऱ्याचा नव्हे. स्ट्रॉबेरी, पेरू, बोरे, अंजीर ही द्राक्षाच्या बाजूची.

मात्र साल हे काही चिलखत नाही. औषधे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध पृष्ठभागावर बसते, टेबलावरच्या धुळीसारखे. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरते आणि आतपर्यंत जाते, कैरीच्या फोडीत मीठ मुरावे तसे. फोड कितीही धुतली तरी ते मीठ जात नाही. द्राक्ष बागायतदारांनी हा धडा २०१० मध्ये फार महागात शिकला. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतल्या 'सीसीसी'चे, अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. हे कीडनाशक नव्हते. वेलीची पालेदार वाढ आवरण्यासाठी छाटणीनंतर वापरले जाणारे ते संजीवक होते, मण्यांवर मारलेलेही नव्हते, आणि तरी ते मण्यांत उतरले होते. माझ्या वडिलांच्या पिढीला त्या हंगामाचे नाव काढले तरी आजही गप्प बसवते.

द्राक्षांबाबत थोडे अधिक

आपल्या जिल्ह्याचे हे पीक असल्याने येथे थोडे थांबते. ऑक्टोबर छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांत माल तयार होतो. या काळात एक-दोन अवकाळी पाऊस झाले की डाऊनी आणि नंतर भुरी हे बुरशीचे रोग बागेला ग्रासतात, आणि घडाला कुज लागली तर वर्षाचे उत्पन्न गेलेच. अशा हवेत संपूर्ण सेंद्रिय द्राक्षे घेणारे बागायतदार आहेत, पण ते मोजकेच. त्यामुळे रस्त्याच्या कडेला प्रत्येक तिसऱ्या क्रेटवर 'सेंद्रिय द्राक्षे' ही पाटी दिसली की मला त्या पाटीवर विश्वास ठेवणे जड जाते.

त्यापेक्षा चांगला मार्ग आहे. २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' या व्यवस्थेत युरोपला जाणाऱ्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, काढणीपूर्वी त्याच प्लॉटमधून नमुना घेतला जातो आणि प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला तरच माल भरता येतो. या प्लॉटांतील शेतकऱ्याला कोणत्या औषधानंतर किती दिवस थांबायचे याचा तक्ता पाळावा लागतो. काही बुरशीनाशकांसाठी ते दिवस महिना-दीड महिन्याहूनही अधिक असतात. स्थानिक बाजारातील मालावर अशी प्लॉटवार सक्ती नाही. म्हणून ओळखीच्या बागायतदाराकडे 'निर्यातीच्या प्लॉटमधला उरलेला माल आहे का, आणि त्याचा रिपोर्ट दाखवाल का' असे विचारावे. तो माल सेंद्रिय नसतो, पण तपासलेला असतो, आणि पुष्कळदा सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालापेक्षा स्वस्तही मिळतो.

मण्यांवरचा पांढुरका थर पाहून अनेक जण 'औषध दिसतंय' म्हणून घड परत ठेवतात. एक मणी घेऊन अंगठ्याने हलकेच पुसला तर खाली चकचकीत साल दिसते आणि अंगठ्याला किंचित मेणचटपणा लागतो. ते द्राक्षाचे स्वतःचे मेण आहे. ते शाबूत असणे हे माल कमी हाताळलेला असल्याचे लक्षण. घडाच्या देठाजवळ, दाट मण्यांच्या बेचक्यात निळसर किंवा पांढरे ठिपके वाळलेले दिसले तर मात्र तो फवाऱ्याचा डाग असू शकतो.

बेदाण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी जाते, पण त्यासोबत सगळेच जात नाही. त्यात पिवळ्या बेदाण्याला रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी देतात, आणि गंधकाचे प्रमाण जास्त झाले तर दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो. घरात लहान मूल रोज मूठभर बेदाणे खात असेल, तर सेंद्रिय किंवा निदान बिनधुरीचा काळपट बेदाणा घेण्यात पैसे सत्कारणी लागतात. दिवाळीच्या चिवड्यात पडणाऱ्या बेदाण्यासाठी एवढी यातायात करू नये.

मग पैसे कोठे घालावेत?

तीन प्रश्न झाले : फवारा आणि तोडा यांत अंतर किती, साल पोटात जाते का, आणि घरात ते किती वेळा, कोण खाते. तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पहिल्या दोन प्रश्नांत सपशेल नापास होईल : साल नाही म्हणावी इतकी पातळ, तोडा दोन-तीन दिवसांचा, बुरशीचा धोका सततचा, आणि ती भिजत ठेवून धुता येत नाही. पण आमच्या घरी ती वर्षातून चार-पाचदा येते. तिच्यासाठी तिप्पट पैसे मोजून आठवड्यातून तीनदा होणारी भेंडी मात्र मिळेल तेथून आणणे, हा हिशेब उलटा झाला.

माझा कौल असा. आपल्या भागात सेंद्रिय किंवा खात्रीच्या मालासाठी जादा पैसे द्यावेत ते प्रथम भेंडी, वांगी आणि पालेभाज्या यांना. फ्लॉवर त्यांच्या पाठोपाठ, कारण त्याचा गड्डा उघडा असतो आणि खाचांत औषधही राहते, अळीही. कोबीची बाहेरची तीन-चार पाने काढली की त्याचे काम पुष्कळसे भागते. टोमॅटो मध्ये बसतो. तोड्याचे पीक असले तरी त्याची साल गुळगुळीत असते आणि चांगली धुतली जाते. हिरवी मिरची फवाऱ्यांत कोणालाच हार जाणार नाही, पण दिवसाला माणशी दोन मिरच्यांपलीकडे आपण जात नाही आणि मुले तिला शिवत नाहीत, म्हणून मी ती खाली ढकलते. ज्यांच्या घरी रोज ठेचा होतो त्यांनी ती वर घ्यावी. आल्याचेही तसेच; साताऱ्याकडे कंदकुजीसाठी त्याला जमिनीतून बुरशीनाशक देतात खरे, पण चहात पडणारा तुकडा तो केवढा! कांदा, रताळी, शेवगा, लाल भोपळा, नारळ, केळी, पपई, डाळिंब, कलिंगड यांना नेहमीचा भाव पुरे.

आमच्या चौघांच्या घरात आठवड्याला भाजी-फळांचे सुमारे सहाशे रुपये होतात. सगळेच सेंद्रिय घ्यायचे म्हटले तर खर्च जवळपास दुप्पट होतो आणि महिन्याभरात उत्साह मावळतो. वरच्या तीन-चार गोष्टींपुरते घेतले तर आठवड्याला दीडशे-दोनशेच जास्त लागतात, आणि हे आम्ही दोन वर्षे चालवले आहे. मेथी-कोथिंबीर तर गॅलरीतल्या दोन कुंड्यांत निघते, तिला ना प्रमाणपत्र लागते ना हिशेब.

"धुतलं की झालं ना?"

अर्धे झाले. वाहत्या नळाखाली चोळून धुतल्याने माती, जंतू आणि स्पर्शजन्य औषधाचा बराच भाग निघून जातो. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे भिजवल्यावर पृष्ठभागावरील दोन औषधांपैकी आंतरप्रवाही औषधाचे ८० आणि दुसऱ्याचे ९६ टक्के अंश निघून गेले. पण त्या आंतरप्रवाही औषधाचा साधारण पाचवा हिस्सा तोवर सालीत आणि गरात शिरलेला होता, आणि तेथे सोडा पोहोचत नाही. घरी दोन चहाचे चमचे सोडा लिटरभर पाण्याला घालून टोमॅटो, द्राक्षे, वांगी दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत आणि मग साध्या पाण्याने खळबळून घ्यावीत. साबण किंवा भांड्यांचे द्रावण वापरू नये. तेच मग पोटात जाते. भेंडी धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच चिरावी, हे कोणत्याही घरात सांगायला नको. सेंद्रिय भाजीही धुवावीच लागते, कारण शेणखतासोबत येणारे जंतू प्रमाणपत्र पाहून थांबत नाहीत.

"सेंद्रियात सत्त्व जास्त असतं म्हणतात"

येथे संशोधकांत एकमत नाही. २०१२ मधील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आढाव्यात पोषणमूल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. कीटकनाशकांचा अंश सापडण्याची शक्यता मात्र सेंद्रिय मालात ३० टक्केबिंदूंनी कमी होती. २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने ३४३ शोधनिबंध तपासून सेंद्रिय पिकांत प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये (अँटिऑक्सिडंट) अधिक आणि कॅडमियम हा जड धातू कमी असल्याचे मांडले. औषधाचा अंश कमी, यावर दोघांचेही एकमत आहे. सत्त्वासाठी पैसे मोजायचे असतील तर सेंद्रिय एक पाव घेण्यापेक्षा साधी भाजी अर्धा किलो अधिक घ्यावी, असे मी म्हणेन.

जादा पैशाला एक दुसरे कारण आहे, आणि ते ताटाबाहेरचे. औषधाचा सर्वांत मोठा डोस खाणाऱ्याला मिळत नाही. तो पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याला मिळतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला रुमाल आणि पायांत काहीच नाही, अशा अवस्थेत फवारणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. या कारणासाठी कोणी डाळिंबही सेंद्रिय घेत असेल तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. माझा वरचा हिशेब फक्त खाणाऱ्याच्या बाजूचा आहे.

खरे-खोटे ओळखावे कसे?

पाकीटबंद मालावर 'जैविक भारत' हे बोधचिन्ह, आणि त्यासोबत राष्ट्रीय कार्यक्रमाचे 'इंडिया ऑरगॅनिक' किंवा शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची तपासणी करण्याच्या पद्धतीचे 'पीजीएस इंडिया' यांपैकी एक खूण पाहावी. पीजीएसमध्ये 'ग्रीन' लिहिलेले असेल तर ती जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, असे समजावे. प्रमाणपत्र पीक कसे पिकवले याचा दाखला असतो. हातातल्या घडात किती अंश आहे, याचा तो अहवाल नसतो. सुट्या भाजीवर यातले काहीच नसते. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाने थेट ग्राहकाला माल विकला तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र त्याला ते बोधचिन्हही लावता येत नाही. म्हणजे बाजारात पाटीवर बसलेल्या माणसाशी बोलण्याला पर्याय उरत नाही.

'सेंद्रिय आहे का?' हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. 'अळी पडली की काय करता?' असे विचारते. पावसाळ्यातल्या फ्लॉवरवर 'काहीच मारत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा, निंबोळी अर्क किती दिवसांनी घेतो, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे किती लावले आहेत, पहिला फवारा कधी घ्यावाच लागला, हे सांगणारा मला खरा वाटतो. पानाला भोके असणे हा पुरावा नव्हे. औषध उशिरा मारले तरी आधीची भोके राहतातच.

आमच्या आठवडी बाजारात पलूसकडून येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांची पाटी सेंद्रिय नाही आणि त्या तसे म्हणतही नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांच्यासमोर भेंडी होती, हिरवीगार, बोटाएवढी, एकही डाग नसलेली. मी पिशवी पुढे केली तशी त्यांनी हात आडवा धरला. "ताई, ही न्हेऊ नगा. पोरानं परवा दिशी फवारा मारलाय. त्यो दोडका घ्या, त्येला पंधरा दीस हात लावल्याला न्हाई." मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने तीच भेंडी अर्धा किलो घेतली, त्यांना सांगूनही. मी दोडका घेतला, महाशिवरात्रीची उरलेली रताळी घेतली, आणि पुढच्या बुधवारच्या तोड्याची एक किलो भेंडी सांगून आले. भाव त्यांनी नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त सांगितला, तो मी घासाघीस न करता मान्य केला.